सात ठिगळांची ट्यूब

“वीस मिनिटं,” विरुपाक्ष अप्पा बायकोला म्हणाले. “चहाचं आधण ठेव. उकळी फुटायच्या आत चाक फिरलं न्हाय तर माझं नाव बदल. अठ्ठेचाळीस माग सांभाळलेला मिलचा जॉबर हाय मी. सायकलची ट्यूब म्हंजे काय, पोराटोरांचं काम.”

पार्वतम्मांनी आधण ठेवलं. उकळी फुटली, चहा झाला, गाळला, गार झाला, वर साय धरली. तोवर अप्पांनी सायकल उलटी करून सीटवर उभी केली होती आणि ती दोनदा आडवी झाली होती. एकदा अंगणात वाळत घातलेल्या शेंगांवर, एकदा अप्पांच्या पायाच्या अंगठ्यावर. नाव बदलायचा विषय पार्वतम्मांनी काढला नाही. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात अप्पांनी इतक्या वेळा नाव पणाला लावलं होतं, की दर वेळी बदललं असतं तर रेशनकार्डाला पुरवण्या जोडाव्या लागल्या असत्या.

एरवी पंक्चर ही काय रडायची गोष्ट आहे? पण आज रविवार होता, नऊ वाजून गेले होते आणि अकरा वाजता श्रीशैल येणार होता.

श्रीशैल हा अप्पांचा एकुलता एक मुलगा. सरळ, कामसू आणि काळजी करणारा. काळजी हाच त्याच्यातला एक दोष. गेल्या महिन्याभरात अप्पांच्या सायकलीबद्दल त्याच्या कानावर तीन तक्रारी आल्या होत्या. पहिली, अप्पा सिग्नलला उतरताना पडले. दुसरी, अप्पा कलिंगडाच्या गाड्यात घुसले. अप्पांच्या मते गाडाच सायकलीत घुसला होता, आणि कलिंगडं साक्ष द्यायला उरली नव्हती. तिसरी, अप्पा घरचा रस्ता चुकले आणि दीड तास उशिरा आले. ही तिसरी अप्पांना बिलकुल मान्य नव्हती. आपण मुद्दाम लांबून आलो, असं त्यांनी सगळ्या घराला ठणकावून सांगितलं. कुठून लांबून, असं सुनेनं विचारलं तेव्हा मात्र ते पेपर उघडून बसले, आणि पेपर उलटा होता.

मग श्रीशैलनं तोडगा काढला. तो शनिवारी सासुरवाडीला वैरागला जाणार होता. रविवारी परत येताना तिथल्या शेतावरचा कोंडीबा टेम्पो घेऊन बरोबर येणार होता, घरातलं जुनं कपाट न्यायला. तेव्हा अप्पांनी सगळ्यांसमोर सायकलवर बसून बोळाच्या तोंडाशी असलेल्या पिठाच्या गिरणीला वळसा घालून यायचं. मधे उतरायचं नाही, पडायचं नाही. जमलं तर सायकल राहील. नाही जमलं तर कपाटाबरोबर तीही वैरागला.

अप्पांनी अट हसत हसत कबूल केली. हसण्यामागं काय होतं ते फक्त पार्वतम्मांना माहीत होतं.

अप्पांचे गुडघे गेले होते. दोनशे पावलं चाललं की ते कुठल्याही ओट्यावर बसायचे आणि आपण ओटा बघायलाच आलोय असा चेहरा करायचे. पण सायकलवर बसलं की गुडघ्यांना काही कळायचं नाही. त्या सायकलवरून ते रोज दुपारी चार वाजता साखर पेठेत ईश्वरप्पाकडं जायचे. ईश्वरप्पा मिलमधला जोडीदार. त्याला दीड वर्षामागं अर्धांगाचा झटका आला. हात-पाय थोडे तरी परत आले, पण मराठी गेली ती आलीच नाही. डोक्यात उरलं ते आईचं कानडी. आता घरात दोन सुना, एक बार्शीची, एक पंढरपूरची, आणि नातवंडं इंग्लिश मीडियमची. ईश्वरप्पा पाणी मागायचा आणि घरचे त्याच्या अंगावर चादर घालायचे. दिवसभरात त्याच्याशी बोलणारा माणूस एकच, चार वाजता येणारा. अप्पा उंबऱ्यात दिसले की तो विचारायचा, “ऊटा आतेनू?” जेवण झालं का, एवढंच. मग तासभर दोघं मिलमधल्या मेलेल्या माणसांना नावं ठेवायचे.

श्रीशैल म्हणाला होता, मी दर रविवारी गाडीनं सोडीन. त्यावर अप्पांनी एकच वाक्य उच्चारलं होतं. “माणूस काय रविवारीच बोलतो व्हय?”

तर अशी ती सायकल होती, आणि आज सकाळी तिच्या मागच्या चाकातली हवा गेलेली निघाली.

कोपऱ्यावर सिद्धारामचं पंक्चरचं दुकान होतं. पण श्रीशैलनं त्याला स्वतःचा नंबर देऊन ठेवला होता, अप्पा आले की फोन कर म्हणून. त्यामुळं सिद्धाराम हा अप्पांच्या लेखी पंक्चरवाला राहिला नव्हता, पोलीस पाटील झाला होता. सायकल घरातच दुरुस्त व्हायला हवी होती आणि गुपचूप व्हायला हवी होती.

गुपचूप हे अप्पांना जमण्यातलं नव्हतं. मागचं चाक काढताना पान्याचे इतके आवाज झाले, की तळमजल्यावरचे अनिलकुमार खिडकीत आले. अनिलकुमार बँकेतून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना सगळं येत होतं. त्यांनी मोबाईलवर पंक्चर काढायचा व्हिडिओ लावून खिडकीच्या गजांतून बाहेर धरला. व्हिडिओतला माणूस कुठल्याशा थंड देशात डोंगरावर बसून हसत हसत चाक खोलत होता. अप्पांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “ह्याला कोण विचारणार हाय अकरा वाजता?”

अनिलकुमार नाराज होऊन आत गेले आणि त्यांनी कूलर चालू केला.

टायर सोडवायला अप्पांनी स्वयंपाकघरातून उलथनं आणलं. पार्वतम्मांनी ते थालीपिठाचं आहे अशी हरकत घेतली, तेवढ्यात ते वाकलंही, त्यामुळं हरकतीला अर्थ उरला नाही. दुसरं उलथनं आलं. टायर सुटलं. ट्यूब बाहेर आली आणि अप्पांनी ती गळ्यात हारासारखी घातली. आता पाण्यात बुडवायची, बुडबुडा दिसला की तिथं खूण करायची, पुसायचं, घासायचं, ठिगळ लावायचं. संपला विषय.

पण विषय पाण्यापाशीच अडला. नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही, आणि आज चौथा दिवस होता. पिंपात तळाला वीतभर पाणी होतं, हंड्यात प्यायचं होतं, आणि दोन्हींच्या मधे पार्वतम्मा उभ्या होत्या. त्यांनी एक तांब्या पाणी देऊ केलं. अप्पांनी एवढी मोठी ट्यूब तांब्यात कशी बुडवायची असं विचारलं. त्या म्हणाल्या, “थोडी थोडी बुडवा की. मी पण संसार तसाच केलाय.”

अप्पा तांब्या घेऊन अंगणात आले. ट्यूब तांब्यात घातली की सगळं पाणी बाहेर येत होतं आणि ट्यूबचा जो भाग आत जात होता तो बाहेरच्या भागावर रुसल्यासारखा उसळून परत येत होता. तिसऱ्या खेपेला तांब्या कलंडला. अप्पांनी घड्याळ बघितलं. पावणेदहा.

आणि तेव्हा त्यांना तो दिसला. अनिलकुमारांच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर घरघरत होता. लोकांना आंघोळीला पाणी नाही आणि ह्या माणसाच्या कूलरची टाकी काठोकाठ भरलेली. शेजारधर्म म्हणून अप्पांना याचा राग यायचा, आज आनंद झाला. त्यांनी बाजूची गवताची जाळी अलगद काढली, पंपानं हवा भरलेली ट्यूब आत सरकवली आणि पाण्यात दाबली. हवा भरायच्या वॉलचं तोंड मात्र त्यांनी मुद्दाम हातात धरून वर ठेवलं. वॉलमध्ये पाणी जाऊ द्यायचं नसतं, हा त्यांचा नियम होता. नियम कुणी घालून दिला हे त्यांना आठवत नव्हतं, पण आठवत नसलेले नियम ते जास्त कडक पाळायचे.

ट्यूब पाण्यात गेली आणि बुडबुडा आला. अप्पांनी बोटानं जागा धरली, ट्यूब वर घेतली, पुसली आणि बॉलपेननं फुली मारली. खात्रीसाठी पुन्हा बुडवली. दुसऱ्या जागी बुडबुडा आला. फुली. पुन्हा बुडवली. तिसऱ्या जागी. अप्पांचा चेहरा गंभीर होत गेला. ट्यूब संपूर्ण फिरवून झाली तेव्हा सात फुल्या झाल्या होत्या.

कूलरचा पंप चालू होता. वरून गवतातनं पाणी गळत होतं आणि टाकीत पडत होतं. जिथं पडत होतं तिथं बुडबुडे येत होते. हे पाचवीतल्या मुलाला दिसलं असतं. पण त्या मुलाला अकरा वाजताची भीती नसती.

“सात पंक्चर,” अप्पा आत येऊन पार्वतम्मांना म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण त्याच्या मागून अभिमान डोकावत होता. “सात पंक्चर असताना ही सायकल चालत होती. कंपनी बघ कसली हाय.”

तेवढ्यात अनिलकुमार ओरडत बाहेर आले, कारण जाळी काढल्यामुळं कूलरातून त्यांच्या तोंडावर सरळ मे महिना येत होता. अप्पांनी जाळी परत लावून दिली. उलटी लावली. पाणी टाकीत पडायच्या ऐवजी खिडकीतून आत अनिलकुमारांच्या दिवाणावर पडू लागलं, आणि ते घर आवरायला गेल्यामुळं पुढचा अर्धा तास त्यांचे सल्ले बंद झाले.

माळ्यावर एक जुनी ट्यूब होती. अप्पांनी ती खाली काढली आणि कात्रीनं तिची सात ठिगळं कापली. काचकागदानं सात जागा घासल्या, सोल्युशन लावलं, फुंकर मारली, ठिगळं बसवली, वरवंट्यानं ठोकली. हे काम ते खरंच चांगलं करत होते. फक्त हात कापत होता. आधी हात कापायचा तेव्हा अप्पा म्हणायचे चहा जास्त झाला. आज चहा घेतलेलाच नव्हता. पाचव्या ठिगळाला त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि पार्वतम्मा दारातून बघतायत हे दिसल्यावर खाज आल्यासारखं खाजवलं.

ठिगळांच्या कडांना सोल्युशन ओलं होतं. ट्यूब टायरला आतून चिकटू नये म्हणून पंक्चरवाले पांढरी पावडर लावतात. घरात पावडर नव्हती; सून तिची पावडर वैरागला घेऊन गेली होती. देव्हाऱ्यात विभूती होती. अप्पांनी क्षणभर विचार केला आणि मग देवाकडं न बघता डबी उचलली.

पार्वतम्मा आल्या तेव्हा ट्यूब सातही ठिकाणी भस्म लावून अंगणात पडली होती. त्यांनी डबी उचलून आत किती विभूती उरलीय ते बघितलं. मग म्हणाल्या, “लिंग पण बांधा गळ्यात तिच्या. दीक्षा तरी पुरी होऊ दे.”

ट्यूब टायरमध्ये गेली, टायर रिमवर चढलं, चाक जागेवर बसलं, चेन बसली. अप्पांनी पंप मारला. चाक दगडासारखं टणक झालं. साडेदहा वाजले होते. अप्पांनी सायकल भिंतीला लावली, हातपाय धुवायला पाणी नव्हतं म्हणून ओल्या फडक्यानं पुसले, इस्त्रीचा सदरा घातला, टोपी घातली आणि साय धरलेला गार चहा उभ्यानं पिऊन टाकला. बाहेर आले तेव्हा चाकातली हवा पुन्हा गेली होती.

त्यांनी परत हवा भरली. दहा मिनिटांत परत उतरली. तिसऱ्यांदा पंपाचा दांडा धरला, अर्धा दाबला आणि तसेच पायरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पार्वतम्मा शेजारी येऊन बसल्या. त्यांनी टोमणा तयार ठेवला होता, तो त्यांनी गिळला.

“मी चुकलो होतो रस्ता,” अप्पा जमिनीकडं बघत म्हणाले. “त्या दिवशी. मिलच्या भोंग्याकडं चाललो होतो. डबा धरायला हात मागं न्हेला, तर डबा न्हवता. मग कळंना कुटं जायचं.”

“मला म्हाईत हाय की,” पार्वतम्मा म्हणाल्या.

“श्रीशैलला सांगू नको.”

“न्हाय सांगत.”

बोळाच्या तोंडाशी हॉर्न वाजला. आधी श्रीशैलची गाडी उतरून अंगणात आली. तिच्या मागून टेम्पो आला, तो दारात बोळ अडवून उभा राहिला. गाडीतून श्रीशैल आणि सून उतरले, टेम्पोतून कोंडीबा. कोंडीबा साठीचा, काटक, डोक्याला रुमाल. त्यानं अप्पांच्या पाया पडून पाणी मागितलं आणि पार्वतम्मांनी दिलेलं पाणी किती मोजकं आहे हे बघून अर्धंच पिऊन तांब्या परत केला.

श्रीशैलची नजर बसलेल्या चाकावर गेली. तो भांडला नाही. हेच वाईट होतं. त्याला भांडता आलं असतं तर अप्पांना बरं वाटलं असतं. त्यानं फक्त मान हलवली आणि कोंडीबाला म्हणाला की कपाट आधी घेऊ, सायकल वरनं बसेल.

कोंडीबा मात्र सायकलपाशी उकिडवा बसला. ट्यूबचं काय झालं म्हणून विचारलं. अप्पांनी सात पंक्चरांची हकिकत सांगितली, कूलर आणि ठिगळं वगळून. कोंडीबानं ऐकून घेतलं. मग बोट तोंडात घालून थुंकी लावली आणि ते बोट वॉलच्या तोंडावर टेकवलं. तिथं एक टप्पोरा बुडबुडा आला, फुगला, फुटला. लगेच दुसरा आला.

“अप्पा, पंक्चर न्हायच की ह्ये,” कोंडीबा म्हणाला. “वॉलचं रबर कुजलंय नुसतं. ट्यूब आत नव्या नवरीवानी असंल.”

नव्या नवरीच्या अंगावर सात ठिगळं होती हे कोंडीबाला माहीत नव्हतं. एवढ्या मोठ्या वैज्ञानिक शोधाला थेंबभर थुंकी पुरली होती आणि त्यासाठी नळाच्या पाचव्या दिवसाची वाट बघावी लागली नव्हती. ठिगळं कापून उरलेली जुनी ट्यूब तिथंच पडली होती. कोंडीबानं तिच्या वॉलमधलं बोटाच्या पेराएवढं रबर काढलं, ह्या वॉलवर चढवलं, थुंकी लावून परत बघितलं आणि चाकात हवा मारली. सगळं मिळून चार मिनिटं लागली. अप्पांनी चार मिनिटं टेम्पोच्या नंबरप्लेटकडं बघत काढली.

मग ते उठले. टोपी घातली. श्रीशैल म्हणाला, ऊन झालंय, राहू द्या अप्पा. पण अप्पांनी टांग टाकली होती.

सायकल चालत होती. सात ठिगळांमुळं मागचं चाक दर फेरीला सात वेळा उचकी लागल्यासारखं उडत होतं, आणि अप्पांची टोपी त्या तालावर मान डोलावत होती. बोळ चढाचा होता. अर्ध्या चढावर ते इतके सावकाश झाले, की मागून चाललेली एक शेळी त्यांना ओलांडून गेली. पार्वतम्मांनी डोळे मिटून घेतले. अप्पा गिरणीपर्यंत पोचले, वळले, वळताना एक पाय जमिनीला निसटता लागला की नाही यावर गिरणीवाल्याचे आणि गिऱ्हाइकाचे मतभेद झाले, पण ते वळले. उतारावर नेहमीप्रमाणं चप्पल घासत घासत आले आणि दारात येऊन उभे राहिले. घाम टोपीतून कपाळावर उतरला होता.

“सांग,” ते म्हणाले.

श्रीशैलनं सायकल त्यांच्या हातातून घेऊन भिंतीला लावली. मग म्हणाला, “ऱ्हाऊ दे अप्पा. तुमची सायकल तुमच्याकडं. फक्त मोबाईल खिशात ठेवत जावा, एवढं ऐका.”

अप्पा हो म्हणाले. पार्वतम्मा आत गेल्या आणि आत गेल्यावर त्यांनी हंड्यातलं पाणी मोजायचं सोडून सगळ्यांसाठी चहा टाकला. कोंडीबानं आणि श्रीशैलनं कपाट टेम्पोत चढवलं. अप्पांनी खिशातून घड्याळ काढून बघितलं. चार वाजायला अजून साडेचार तास होते, पण त्यांनी आत्ताच विजारीला क्लिप लावून ठेवली.

श्रीशैल सायकलीभोवती फिरत होता. चाक नीट बसलंय ना, नट घट्ट आहेत ना, हँडल सरळ आहे ना. काळजीवाल्या माणसाला परवानगी दिल्यानंतर जास्त काळजी वाटते. शेवटी तो म्हणाला की अप्पा, चाकाची ती उचकी मला बरी वाटत नाही, मी एकदा स्वतः चालवून बघतो. ह्याच सायकलवर तो आठवीत शिकला होता. बसताना त्याच्या चेहऱ्यावर तो आठवीतला मुलगा आला, आणि अप्पा वीस वर्षांनी त्याच्याकडं बघून हसले. म्हणाले, “सावकाश जा बे.”

श्रीशैल झपझप चढ चढून गेला. गिरणीला वळसा घातला. उतारावर पायडल मारत निघाला, कारण उतारावर पायडल मारायची त्याची सवय आठवीपासूनची होती.

अप्पा सायकल पायानं थांबवतात. श्रीशैल ब्रेकनं. चाक काढताना अप्पांनी मागच्या ब्रेकचा गज सोडला होता आणि परत बसवला नव्हता. पुढचा ब्रेक मागच्या दिवाळीपासून नव्हताच. श्रीशैल टेम्पोच्या मागच्या फळीवर जाऊन आदळला. डावा हात मनगटापाशी मोडला. कोंडीबानं त्याला उचलून पुढं बसवलं, सायकल टेम्पोच्या चाकाखालून ओढून कपाटावर टाकली, आणि टेम्पो दवाखान्याकडं निघाला. अप्पा मधे बसून श्रीशैलचा हात धरून होते. दवाखान्याच्या दारात दोघं उतरले. कोंडीबाला जेवणवेळेपर्यंत वैरागला पोचायचं होतं, तो नमस्कार करून गेला. प्लास्टर झाल्यावर, साडेतीनच्या सुमाराला, अप्पांच्या ध्यानात आलं की सायकल टेम्पोतच राहिली, कपाटाबरोबर तीही वैरागला.